क्लोई या नावाचा अर्थ व उगम

लेकीने हे नाव पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा मला वाटलं, तिला शिंक आली. मी खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला.

"रुमाल नको बाबा," ती म्हणाली, "नाव आहे ते. तिचं."

आणि तिने काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं.

पेटीत माझी नात होती. फार आधी आली होती बिचारी, आमची कुणाचीच तयारी नसताना. तळहातापासून कोपरापर्यंत तरी ती भरली असती की नाही, शंकाच आहे. अंगावर नळ्या, डोक्याला मोज्यासारखी टोपी. पेटीच्या कडेला एक गोल झरोका होता. त्यातून हात आत घालून लेक तिच्या पावलाला बोट लावायची आणि तिला नावाने हाक मारायची. जेमतेम पंधरवडा हे चाललं. मग ती गेली.

त्यानंतर घर ज्या अवस्थेत होतं, त्याचं वर्णन मी करत नाही. एकच सांगतो. जावयाने तिच्यासाठी आणलेला पाळणा सुटा केला आणि ज्या खोक्यातून तो आला होता त्याच खोक्यात परत भरायला घेतला. तो काही मावेना. खोकं तेच, पाळणा तोच, तरी दर वेळी एक दांडा बाहेर राहायचा. दुपारभर तो जमिनीवर बसून त्या दांड्याशी झटापट करत होता आणि आम्ही दोघं नवरा-बायको पलीकडच्या खोलीत पेपर वाचल्यासारखं करत होतो. शेवटी तो दांडा त्याने तसाच कपाटामागे उभा केला, आणि रजा संपल्यामुळे दुसऱ्या गावी, आपल्या कामावर परत गेला. रोज संध्याकाळी फोन करायचा. लेक फोन कानाला लावून बसायची. बोलायची नाही.

मग दाखले आले. जन्माचा आणि मृत्यूचा, दोन्ही एकाच पाकिटात. सरकारचा कागद वाचवण्याचा हा उत्साह एरवी कुठे दिसत नाही. दोन्ही दाखल्यांवर नावाच्या जागी छापलं होतं : 'बाळ (स्त्री)'.

लेकीने ते पाहिले, टेबलावर ठेवले आणि बऱ्याच दिवसांनी एक पूर्ण वाक्य बोलली.

"बाबा, तिला नाव होतं."

आता मी पेशाने मुद्रितशोधक. निवृत्त झालो, पण उभा जन्म छापखान्यात लोकांच्या चुका काढण्यात गेला. कुणाचा अनुस्वार राहिला, कुणाचा काना पडला, एका लग्नपत्रिकेत तर वराच्या जागी वराह छापलं जाणार होतं, ते मी वाचवलं. तेव्हा लेकीच्या त्या वाक्यावर मला एकदम हुशारी आली. इतके दिवस आपल्याला काही करता येत नव्हतं, आता येईल, असं वाटलं.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "छपाईची चूक आहे. उद्या दुरुस्त करून आणतो."

आमची ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की तिला त्या 'उद्या'चा भरवसा वाटत नसल्याचं स्पष्ट झालं. पण ती म्हणाली एवढंच, "डबा घेऊन जा. कचेरीत भूक लागते."

नोंदणी कचेरीत जन्म वरच्या मजल्यावर आहे आणि मृत्यू तळमजल्यावर. जिने चढवत नाहीत अशा लोकांची सोय पाहिली असावी. मी दारातून शिरलो आणि समोरच्या रांगेत उभा राहिलो, कारण ती सर्वात लांब होती आणि लांब रांग ही बरोबर असते असा माझा समज आहे. तासाभराने खिडकीपाशी पोचलो तेव्हा आतल्या माणसाने माझ्यामागे वाकून पाहिलं.

"वधू कुठेय?"

"कुणाची?"

"तुमची."

ती विवाह नोंदणीची रांग होती. मागचं एक तरुण जोडपं तोंडावर हात धरून हसायला लागलं. मी ताठ मानेने रांगेतून बाहेर पडलो. ताठ मानेने बाहेर पडताना खांबाला डोकं आपटलं, हे सांगायची काही गरज नाही, पण सांगून टाकतो.

वरच्या मजल्यावर जन्माच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांच्या चष्म्याला दोरी होती आणि तो सतत छातीवर लोंबत असायचा, डोळ्यांवर मी क्वचितच पाहिला. मी दाखले पुढे सरकवले.

"नाव घालायचंय."

"बाळाचं वय?"

मी दुसऱ्या दाखल्यावर बोट ठेवलं. बाईंनी तो उलटा करून पाहिला, मग सुलटा केला, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला.

"आजोबा, या नोंदीवर मृत्यूचा शेरा आहे. संगणक आता इथे काही लिहू देत नाही. आधी खाली जाऊन मृत्यूच्या नोंदीत नाव घालून आणा."

खालच्या माणसाने सांगितलं की जन्माच्या नोंदीत नसलेलं नाव मृत्यूच्या नोंदीत येऊच शकत नाही. आधी वर जा. मी वर गेलो. बाई म्हणाल्या, आधी खाली. मी इतक्या वेळा वरखाली केलं की जिन्यावरचा पहारेकरी मला सलाम करायला लागला. त्याला वाटलं असणार, कुणीतरी तपासनीस आलेत.

शेवटी मी बाईंच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसलो आणि डबा उघडला. खाववेना. बाईंनी ते पाहिलं असावं. त्यांनी हातानेच बोलावलं.

"साहेबांची खास परवानगी असेल तर दोन्ही नोंदी एकदम उघडता येतात. अर्ज करा. पण नाव काय आहे?"

"क्लोई."

"काय?"

"क्लोई."

बाईंनी यंत्रावर काहीतरी बडवलं. "आमच्या यादीत नाही हे नाव. यादीत नसलेल्या नावाला अर्ध्या पानाचा खुलासा लागतो. नावाचा अर्थ व उगम. म्हणजे कुणी भलतंसलतं नाव नोंदवू नये म्हणून. मागे एकाने मुलाचं नाव 'मालक' ठेवलं होतं."

खुलासा! हा तर माझा प्रांत. मी जिना उतरलो तो जवळजवळ आनंदात. आनंद म्हणायला लाज वाटते, पण दुसरा शब्द सापडत नाही.

आमच्या इमारतीत बातमी पोचायला जिना लागत नाही. मी घरी येईपर्यंत वरच्या मजल्यावरचे पाणीसाहेब आमच्या खुर्चीत बसलेले होते. हे पाणीखात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. जगात जे काही घडतं त्याचा संबंध शेवटी पाण्याशी पोचतो असं त्यांचं मत आहे.

"क्लोई?" ते म्हणाले. "हे आमच्या क्लोरीनमधलं दिसतंय."

मला संताप आला. माझ्या नातीला पाण्याच्या टाकीत ढकलल्यासारखं झालं. "साहेब, जंतुनाशकाचं नाव कुणी मुलीला ठेवत नाही," मी म्हटलं, आणि आमच्या हिने मला चहा देण्याच्या निमित्ताने गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. काकू मनाच्या वाईट नाहीत. पण त्यांना गप्प बसणं म्हणजे पाहुणचारात कमी पडल्यासारखं वाटतं.

"भाऊ, आता कशाला हे उकरून काढताय?" त्या कुजबुजत म्हणाल्या. त्यांची कुजबुज दोन भिंतींपलीकडे जाते. "पोरीला विसरू द्या. आणि नाव काय, वाया जातंय थोडंच? दुसरं होईल तेव्हा त्याला ठेवा."

"काकू," मी म्हटलं, "नाव म्हणजे काय स्वेटर आहे का, एकीचा राहिला म्हणून दुसरीला चढवायला?"

काकू रडायला लागल्या. मग हीपण रडायला लागली. मी दोघींना पाणी दिलं. आतल्या, लेकीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आणि त्या दारामागून काहीच आवाज आला नाही.

मी वाचनालय गाठलं. तिथे मोठमोठे कोश आहेत, आणि ते फळीवरून एकट्याला काढता येतात, परत ठेवताना मात्र मदत लागते. सकाळपासून बसलो. नाव निघालं ग्रीकांचं. जुन्या ग्रीक भाषेत 'ख्लोए' म्हणजे जमिनीतून नुकताच वर आलेला, कोवळा, हिरवा कोंब. ते लोक आपल्या धान्याच्या देवतेलाही या नावाने हाक मारायचे, शेतं हिरवी व्हायला लागली की. पुढच्या पानावर आणखी एक गोष्ट होती. याच कुळातला दुसरा शब्द म्हणजे 'ख्लोरोस', फिकट हिरवा. त्यावरून पानांमधल्या हिरव्या द्रव्याला नाव मिळालं. आणि त्यावरूनच, रंग फिकट हिरवट म्हणून, क्लोरीनला.

कोश मिटायच्या आधी मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. क्लोरीनचा मला राग आला नव्हता. कोंबाचा आला होता. काय म्हणून हा अर्थ असावा? पहाट, चांदणी, नदी, जगात अर्थांची काय टंचाई होती? हे मी लेकीला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

पाणीसाहेबांना मात्र सांगणं भाग होतं. मी वर जाऊन दार वाजवलं आणि उभ्याउभ्याच म्हणालो, "तुमचं बरोबर होतं. नात्यातले आहेत दोघं."

मला वाटलं, ते आता व्याख्यान देतील. त्यांनी दिलं नाही. ते म्हणाले, "फिकट हिरवा असतो तो. नळकांड्यात बघायला मिळायचा. सुंदर दिसतो." मग जरा थांबून, "मी येऊ का कचेरीत? तिथे माझ्या ओळखीचा एक मोठा अधिकारी होता."

"आता कुठे असतो?"

"वारला," पाणीसाहेब म्हणाले.

खुलासा मी लिहिला. पहिला मसुदा अकरा पानांचा झाला, तळटिपांसह. हिने तो वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाली, "छान आहे. पण हा अर्थ तिला सांगू नका."

"ती विचारेल."

"विचारणार नाही. ती काहीच विचारत नाही."

कापून कापून तो अर्ध्या पानावर आणला. छापखान्यात मी दुसऱ्यांची पानंच्या पानं निर्दयपणे कापलेली आहेत, पण असं कापणं कधी केलं नव्हतं. मग स्वच्छ अक्षरात नक्कल केली, दोनदा तपासली, आणि कचेरीत जाऊन दिली. बाईंनी ती घेऊन मला साहेबांच्या खोलीत नेलं.

साहेब तरुण होते. टेबलावर फायली आणि एक सुकलेलं रोप. त्यांनी खुलासा शांतपणे, शेवटपर्यंत वाचला, आणि मला खुर्ची दिली.

"रागावू नका, पण मला कारण लिहावं लागतं म्हणून विचारतो," ते म्हणाले. "बाळ हयात नाही. शाळा नाही, ओळखपत्र नाही, काहीच लागणार नाही. मग नावाचा उपयोग काय?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. अर्थाची केली होती, उगमाची केली होती. मी तोंड उघडलं. एरवी माझ्याकडे कुठल्याही विषयावर बोलायला असतं, घरची माणसं याची साक्ष देतील.

"हाक मारायला," मी म्हटलं.

"कुणाला?"

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग साहेबांनी पेन उचललं, कागदावर टेकवलं आणि थांबले.

"इथे एक अडचण आहे. वरच्या ओळीत तुम्ही शेवटची इ ऱ्हस्व लिहिली आहे आणि खाली दीर्घ. नक्की कुठली?"

मी कागद ओढून घेतला. खरंच होतं. वर 'क्लोइ', खाली 'क्लोई'. अर्ध्या पानात, दोनदा तपासून, स्वतःच्या नातीच्या नावात! मी वराह पकडलेला माणूस. पण त्याहून वाईट पुढे होतं. कुठली बरोबर, हे मला सांगता येईना. नाव मी फक्त ऐकलेलं होतं. लिहिलेलं कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

"आईला विचारा," साहेब म्हणाले. "आणि तसंही, सही आईचीच लागेल. त्यांना घेऊन या. मग मी परवानगी देतो."

मी घरी आलो तो चपला न काढताच आतल्या खोलीच्या दारात उभा राहिलो. लेक खिडकीशी बसली होती.

"एक विचारायचं होतं," मी म्हटलं. "तिच्या नावात इ ऱ्हस्व की दीर्घ?"

इतके दिवस आम्ही तिच्यासमोर ते नाव घेत नव्हतो. घरात 'ते' म्हणायचो, 'झालं ते' म्हणायचो. आणि मी येऊन विचारलं काय, तर व्याकरण. हिने मागून माझा सदरा ओढला.

लेकीने मान वळवली. "दीर्घ," ती म्हणाली.

"नक्की?"

"मी हाक मारायचे ना, बाबा. त्या झरोक्यातून. लांबवून मारायचे. क्लो-ईऽऽ. ऱ्हस्व कशी असेल?"

मी मान हलवली. मग चपला काढल्या.

"आमच्याकडे भरपूर नावं काढून ठेवलेली होती," ती पुढे म्हणाली. "चांगली, भारदस्त. पण ती झाली आणि एकही नाव तिला होईना. सगळी नावं तिच्यापेक्षा मोठी होती. हे कुठेतरी ऐकलेलं होतं, एवढंसं. ते बसलं." मग तिने विचारलं, "तुम्ही अर्थ काय लिहिलात?"

"तुला माहीत नाही?"

"बघायला वेळच कुठे मिळाला?"

मी हिच्याकडे पाहिलं. ही जमिनीकडे बघत होती. खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं. पहाट म्हणावं, चांदणी म्हणावं. पण साहेबांच्या टेबलावर माझ्या अक्षरात कागद होता, आणि उद्या तो तिच्यासमोर येणार होता.

"कोंब," मी म्हटलं. "जमिनीतून नुकताच वर आलेला. हिरवा."

हिने पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणजे पान फुटायच्या आधीचा," लेक म्हणाली.

"हो."

"मग बरोबर आहे. राहू दे तसंच." आणि मग तिने हिचा हात धरला आणि ती बोलतच राहिली. क्लोईने एकदा डोळे उघडले होते. तुम्ही तेव्हा चहा प्यायला गेला होता, बाबा. तिच्या डाव्या कानाची पाळी दुमडलेली होती. हाक मारली की ती अंगठा हलवायची, पायाचा, नर्स म्हणायची तसं काही नसतं, पण हलवायची. आम्ही दोघं जमिनीवर बसून ऐकत होतो. हे सगळं तिच्याजवळ इतके दिवस होतं आणि आम्ही तिला त्रास नको म्हणून विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर कचेरीत आली. इस्त्री केलेला कुडता घालून, केस बांधून, परीक्षेला निघाल्यासारखी. साहेबांनी सही केली, तिने सही केली. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही नोंदी उघडल्या आणि त्या दिवशी प्रथमच चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तुम्ही सांगा, मी टंकते," त्या लेकीला म्हणाल्या. "एकेक अक्षर."

"क्लो," लेक म्हणाली. "ई. दीर्घ."

यंत्र घरघरलं आणि दोन कागद बाहेर आले. जन्माच्या दाखल्यासाठी मी एवढा धावलो होतो. त्यावर नाव आलं होतं, सुबक, ठळक. ते मी डोळे भरून पाहिलं. मग दुसरा कागद पाहिला. तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की ते तिथेही येणार. कालपर्यंत त्या कागदावर कुणीतरी एक बाळ गेलं होतं. आता क्लोई गेली होती.

मी लेकीकडे पाहायला घाबरत होतो. तिने दोन्ही कागद घेतले, एकमेकांवर ठेवले आणि दुमडले नाहीत.

आमच्या मागे रांगेत एक बाई तान्हं मूल खांद्यावर घेऊन उभी होती. तिने ऐकलं होतं.

"किती गोड नाव आहे हो," ती लेकीला म्हणाली. "केवढी झाली?"

मी पुढे सरसावलो. काहीतरी बोलून विषय बदलावा, निदान आपण मध्ये उभं राहावं. लेकीने मला हाताने थांबवलं.

"पंधरा दिवसांची होती," ती म्हणाली. "गेली."

त्या बाईचा चेहरा उतरला. तिने बाळाच्या पाठीवरचा हात घट्ट केला आणि "माफ करा" असं काहीतरी पुटपुटली. लेक म्हणाली, "नाही, नाही. बरं वाटलं तुम्ही विचारलंत ते." आणि त्या बाळाची टोपी वर सरकली होती, ती तिने नीट केली.

बाहेर थांब्यावर येऊन आम्ही बाकावर बसलो. तिथे ती रडली. आवाज करून, तोंड न झाकता, रस्त्यावरचे लोक वळून बघतील असं. मी तिची पर्स आणि ते दोन कागद सांभाळत ताठ बसलो होतो, कारण दोघांपैकी एकाने तरी ताठ बसावं असं मला वाटत होतं. थोड्या वेळाने मलाही ते जमेना.

आमची बस आली, दार उघडलं. चालकाने आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता दार लावलं. आम्ही ती जाऊ दिली.